दाबली की अडखळते : ऑडी टीटीचा पिकअप नेमका कुठे अडतो ते शोधायचं कसं

हळू चालवली तर गाडीत काही दोष आहे असं वाटतच नाही. सिग्नलवरून नीट निघते, गियर मऊ पडतात, आयडलिंगला आरपीएमची सुई हलत नाही. पण हायवेला ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणून पेडल तळाला नेलं की क्षणभर काहीच घडत नाही, किंवा दोन-तीन झटके बसतात आणि मग गाडी सुटते. यावर गॅरेजचा ठरलेला क्रम असतो. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ, आणि बिल लाखाच्या घरात गेलं की टर्बो. यातला एखादा पार्ट खरंच खराब असतो, पण तो कोणता हे बदलण्याआधी कळू शकतं.

इथे उदाहरण घेतलंय २०१५ पासून भारतात विकल्या गेलेल्या तिसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीचं : २.० टीएफएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन-मीटर, सहा गियरचा, दोन क्लचचा ऑटोमॅटिक एस ट्रॉनिक गिअरबॉक्स आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. याच घराण्याचं इंजिन आणि तसाच सहा गियरचा डीएसजी गिअरबॉक्स २०१७ च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्येही आहे, त्यामुळे क्वाट्रोचा भाग सोडला तर बाकी सगळं तिलाही लागू पडतं. शिवाय टीटीचे बरेच पार्ट स्कोडा-फोक्सवॅगनच्या दुकानात मिळतात, हेही ध्यानात ठेवा.

अडखळणं तीन तऱ्हेचं असतं. इंजिनात ताकद तयारच होत नाही. किंवा तयार होते पण गिअरबॉक्समध्ये वाया जाते. किंवा गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम ती रोखून धरतो. ड्रायव्हरच्या सीटवरून तिन्ही जवळपास सारखंच वाटतं, उपाय मात्र एकमेकांशी संबंध नसलेले. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपली तऱ्हा कोणती ते ठरवा.

फुकटात होणारी तपासणी

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून. थट्टा नाही ही. आपल्याकडे नवी गाडी घरी आली की जाडजूड सेव्हन-डी मॅट बसवतात, आणि पेडलच्या शेवटच्या सेंटीमीटरला ती आड येते. या पेडलला तळाशी एक टक्क वाजणारा टप्पा असतो, तो दाबला गेला तरच किकडाउन मिळतो, म्हणजे गिअरबॉक्स लगेच खालचा गियर टाकतो. मॅट काढून, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) पेडलचं मूल्य बघा. तळाला १०० टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ यायला हवं. ८५ वर अडकत असेल तर बाकीची तपासणी थांबवा. पेडल सावकाश खाली नेताना आकडा मध्येच उडी मारत असेल तर पेडलचा सेन्सर गेलाय.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. इंधनाच्या झाकणाच्या आत किमान ९५ ऑक्टेन लिहिलेलं असतं आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येण्याआधी पंपावरचं साधं पेट्रोल ९१ चं असायचं. ऑक्टेन कमी पडलं की इंजिन ठोके देऊ लागतं, नॉक सेन्सर ते ऐकतो, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो आणि गाडी सुस्तावते. दोष दिवा लागेलच असं नाही. टाकी जवळपास रिकामी करून ९५ किंवा त्याहून वरचं पेट्रोल भरा आणि एक टाकी चालवून मगच पुढे जा. पावसाळ्यात, विशेषतः गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर, आणखी एक शंका घ्यायला हवी. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. पंप तळातूनच ओढतो.

तिसरी, बॉनेट उघडून उंदरांच्या खुणा. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला उंदीर येतात आणि रबरी पाइप व वायरी कुरतडतात. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) पाइपाला तांदळाएवढं भोक पडलं तरी आयडलिंगला कळत नाही. टर्बोने दाब भरला की हवा तिथूनच निसटते.

सुई काय सांगते

आता एक फेरी. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, गियर मॅन्युअलला टाका, तिसऱ्यात २००० आरपीएमला स्थिर करा आणि पेडल दाबा. पण तळाचा टक्क टप्पा दाबू नका, नाहीतर मॅन्युअलमध्येही गिअरबॉक्स खालचा गियर टाकतो. ही चाचणी सपाट रस्त्यापेक्षा लांबट, मोकळ्या चढावर जास्त बोलकी होते, कारण वेग सावकाश वाढतो आणि इंजिनवर भार येतो. ४५०० पर्यंत पुरे. त्यापुढे गेलात तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची १०० ची मर्यादा ओलांडाल. ५००० च्या वरचा दोष शोधायचा असेल तर चारही चाकं एकदम फिरवणारा डायनो (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र) गाठा. दोन चाकांच्या डायनोवर क्वाट्रो चढवू नका.

आरपीएमची सुई आणि वेग दोन्ही एकदम अडले, अंगाला झटका बसला, तर दोष इंजिनाकडे. सुई झरझर वर गेली आणि गाडी मागे राहिली, तर क्लच घसरतोय. सुई थांबली आणि त्याच वेळी ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकला, तर ताकद मुद्दाम कापली जातेय. आणि मॅन्युअलमध्ये गाडी सरळ ओढते पण डी मध्ये दाबल्यावरच अर्धा सेकंद रिकामा जातो, असं असेल तर तो बहुतेक वेळा दोषच नसतो. या गिअरबॉक्सात १-३-५ एका क्लचवर आणि २-४-६ दुसऱ्यावर असतात. आधीच जोडून ठेवलेला गियर दुसऱ्या क्लचवर असला तर बदल चुटकीसरशी होतो. सहाव्यातून चौथा मागितला की दोन्ही एकाच क्लचवर येतात, म्हणून गिअरबॉक्सला मध्ये पायरी घ्यावी लागते. इकॉनॉमी मोडमध्ये हे जास्त जाणवतं. ओव्हरटेकच्या आधी पॅडलने स्वतः गियर खाली घ्या, किंवा एस (स्पोर्ट) मोड वापरा. यावर पैसे खर्चू नका.

अजून एक खूण. एकदा झटका बसला, ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला दोष दाखवणारा) दिवा लागला, त्यानंतर गाडी मरगळलेलीच राहिली, आणि इंजिन बंद करून चालू केल्यावर पुन्हा नीट झाली, तर कॉम्प्युटरने स्वतःला बचावाच्या अवस्थेत टाकलं होतं. मेमरीत कोड नक्की सापडेल.

कोड वाचा, पण तिथे थांबू नका

हजार रुपयांचं ब्लूटूथ ईएलएम ३२७ इंजिनचे साधे कोड दाखवतं, गिअरबॉक्सचं आणि क्वाट्रोचं काही दाखवत नाही. या गाडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे फोक्सवॅगन-ऑडी गटासाठीचे स्कॅनर हवेत. पी ०३०० ते पी ०३०४ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधलं मिश्रण न पेटणं), गॅरेजच्या भाषेत मिसिंग. पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी. पी ००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब कमी. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

कोड फक्त तक्रार नोंदवतो, कारण सांगत नाही. पी ०२९९ वाचून टर्बो बदलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या अनेकांचा पाइप फक्त सुटलेला असतो. म्हणून कोड लिहून घ्या, पुसा, आणि वरचीच चढावरची फेरी लॉग (आकड्यांची नोंद) चालू ठेवून पुन्हा करा. लॅपटॉप शेजारच्या माणसाच्या मांडीवर हवा. एका वेळी चार-पाचच आकडे नोंदवा; जास्त घेतलेत तर नोंदीचा वेग पडतो आणि नेमका झटक्याचा क्षण दोन नोंदींच्या मध्ये हरवतो.

पहिल्या फेरीत नोंदवा : आरपीएम, मागितलेलं बूस्ट, मिळालेलं बूस्ट, मागितलेला रेल दाब, मिळालेला रेल दाब. दुसऱ्या फेरीत : आरपीएम आणि चारही सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती अंश उशिरा दिली). तिसऱ्या फेरीत : आरपीएम, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आत येणाऱ्या हवेचं तापमान. चौथ्यात मिसफायरचे सिलिंडरवार आकडे. मग झटक्याच्या क्षणापासून मागे जा आणि मागणी व पुरवठा आधी कुठे फाटले ते शोधा. आधी या शब्दाला इथे फार किंमत आहे. रेल दाब पडला की मिसफायर होतो, पण मिसफायरने रेल दाब पडत नाही. पहिला जो घसरला तो गुन्हेगार. बाकीचे त्याच्यामागून पडलेले.

ठिणगी

बूस्ट आणि रेल दाब दोन्ही मागणीप्रमाणे आहेत आणि तरी झटका बसतो, तर ठिणगीकडे वळा. भाराखालीच मिसिंग का होतं? टर्बोने हवा दाबून भरली की सिलिंडरमधला वायू दाट होतो, आणि दाट वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून वाढली असेल किंवा कॉइल थकली असेल तर आयडलिंगला पुरतं ते व्होल्टेज इथे अपुरं पडतं, आणि ठिणगी विझते किंवा कॉइलच्या रबराच्या चिरेतून बाहेर पळते.

मिसफायर एकाच सिलिंडरवर असेल, समजा २ वर, तर त्याची कॉइल ३ वर टाका, कोड पुसा आणि फेरी मारा. मिसफायर ३ वर गेला तर कॉइल गेली. २ वरच राहिला तर प्लगची अदलाबदल करून तेच करा. तरीही २ वरच असेल तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल आणि प्लग एकदम बदललेत तर काही शिकायला मिळत नाही.

कॉइल काढताना कनेक्टरच्या कुलुपाला जपा, उष्णतेने ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. कॉइल सरळ वर ओढा, वाकवू नका. प्लग मात्र इंजिन थंड झाल्यावरच काढा, हेड ॲल्युमिनियमचं आहे. लागतो १६ चा प्लग सॉकेट. खाचेत तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं सील गळतंय. नवा प्लग टाकूनही दोष परत येईल. कंपनीच्या प्लगची फट सुमारे ०.८ मिलिमीटर असते. गाडी रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) असेल तर ०.६ ते ०.६५ ठेवा, कारण वाढलेल्या बूस्टला मूळ फट झेपत नाही. रिमॅप करून दोन दिवसांत गाडी झटके देऊ लागली तर नव्वद टक्के हेच समजा. प्लग टॉर्क रेंचने, आपल्या इंजिन क्रमांकाच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. अंदाजाने आवळलेल्या प्लगची उष्णता हेडमध्ये नीट उतरत नाही.

टायमिंग रिटार्ड बघताना एक भेद करा. चारही सिलिंडर ५-६ अंश किंवा त्याहून मागे जात असतील तर पेट्रोल हलकं आहे किंवा हवा फार गरम आहे. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं. ट्रॅफिकमध्ये उभं राहून लगेच दाबलं तर इंटरकूलरनंतरची हवा ६० च्या पुढे गेलेली दिसेल. तो स्वभाव आहे, रोग नव्हे. बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर बसवला असेल तर मात्र हे दुखणं विकत घेतलेलं आहे. एकच सिलिंडर मागे जात असेल तर त्याचा प्लग, इंजेक्टर किंवा त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन तपासा. जिथे पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, आणि तेलाच्या वाफा त्यांच्यावर काळा थर देतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी तो निघत नाही, कारण ते औषध व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करावा लागतो.

पेट्रोल

या इंजिनाला दोन पंप. टाकीतला साधारण ४ ते ६ बारने पेट्रोल पुढे ढकलतो, आणि कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा ते भाराखाली २०० बारच्या आसपास नेतो. लॉगमध्ये रेल दाबाची मागणी १८०-२०० आणि हातात १२० असेल, तर लगेच मोठा पंप मागवू नका. तीच फेरी कमी दाबाचा आकडा घेऊन पुन्हा करा. कमी दाबही पडत असेल तर टाकीतला पंप, त्याचा कंट्रोलर किंवा फिल्टर. कमी दाब ठाम आणि वरचाच पडत असेल तर मोठा पंप. चुकीचा पंप घेण्याच्या खर्चापुढे ही एक फेरी काहीच नाही.

ई२० मुळे हा दोष आता लवकर उघडा पडतो. निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तितक्याच हवेला साधारण नऊ टक्के जास्त इंधन हवं. धडधाकट पंप ते देतो. दहा वर्षांचा, अर्ध्या कचऱ्याने भरलेल्या फिल्टरमागचा पंप ५००० आरपीएमला हात टेकतो. टाकी पावच्या खाली ठेवून गाडी चालवण्याची सवयही पंपाला मारक, कारण तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

मोठा पंप किंवा त्याची स्टीलची नळी स्वतः खोलायची असेल तर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करा, आणि नळीच्या जोडावर कापड धरून हळूच सैल करा. भरल्या दाबाचं पेट्रोल कातडीतून आत घुसतं.

हवा

बूस्टचा आकडा बहुतेक स्कॅनर निरपेक्ष मिलिबारमध्ये देतात, म्हणजे बाहेरच्या हवेसकट. आधी सेन्सरच तपासा : इंजिन बंद, इग्निशन चालू. मुंबईत १००० ते १०१०, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६५ च्या जवळ आकडा यायला हवा. पुण्यात १०५० दाखवणारा सेन्सर पुढचं सगळं खोटंच सांगणार.

मागणी २००० च्या वर आणि हातात १६००-१७०० असेल तर गळती शोधा. हवा भरून तपासणं सर्वात भरवशाचं : टर्बोच्या तोंडाला बसेल अशी टोपी, तिला टायरचा व्हॉल्व्ह, आणि रेग्युलेटर असलेला कंप्रेसर. ०.३ बारपासून सुरू करा, १ बारच्या वर जाऊ नका. साबणाचं पाणी जोडांवर मारा. इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे क्लिप-जोड, थ्रॉटलच्या आधीचा पाइप, आणि टर्बोवर तीन स्क्रूंनी बसलेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर जादा हवा परत वळवणारा) या क्रमाने बघा. सुरुवातीच्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो आणि तो फाटतो; फाटला की दाबलेली हवा टर्बोच्या तोंडाकडे परत जाते. पाइपावर तेलाचा ओला डाग हीसुद्धा गळतीची खूण.

आयडलिंगला शिट्टी ऐकू येत असेल आणि तेलाचं झाकण काढताना ते आतून जोराने ओढलं जात असेल, तर पीसीव्हीचा (इंजिनातल्या तेलाच्या वाफा ओढून घेणारा व्हॉल्व्ह) पडदा फाटलाय. पूर्ण युनिट बदला, पडद्याचे स्वस्त किट फार टिकत नाहीत. गळती नाही, डायव्हर्टर नवा, तरी बूस्ट कमी आणि धूर नाही, तर वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणारी झडप) इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर आणि त्याचा दांडा बघा. टर्बो शेवटी. आणि टर्बोच्याही आधी एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारी जाळी) : वरच्या आरपीएमला श्वास कोंडल्यासारखं होत असेल तर पुढच्या लॅम्ब्डा सेन्सरच्या भोकात गेज लावा. २५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब म्हणजे कॅटॅलिटिक चोंदलाय. दीर्घकाळ मिसिंग घेऊन गाडी हाकली तर तो वितळतो, म्हणून ठिणगीचा दोष अंगावर काढू नये.

गिअरबॉक्स आणि मागची चाकं

सुई पळाली आणि गाडी मागे राहिली तर गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमधून इंजिनचा आरपीएम आणि दोन्ही इनपुट शाफ्टचा आरपीएम एकत्र नोंदवा. क्लच बसल्यावर इंजिनचा आणि त्या क्लचच्या शाफ्टचा आरपीएम जवळपास जुळायला हवा. दाबल्यावर फरक २००-३०० वर उडत असेल तर घसरण आहे. घसरण १-३-५ मध्येच किंवा २-४-६ मध्येच असेल तर कोणता क्लच ते आपोआप कळतं. दोन्हीकडे थोडी थोडी असेल तर आधी तेल.

तेल-फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला. ड्रेन बोल्ट १४ च्या ॲलनने निघतो, मग आतली प्लास्टिकची नळी ८ च्या ॲलनने काढल्यावर उरलेलं तेल उतरतं. नळी परत बसवताना फक्त ३ न्यूटन-मीटर, जवळजवळ बोटांनीच. सव्वापाच ते साडेपाच लिटर भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळ्या पोझिशन फिरवा. तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना, इंजिन चालू ठेवूनच, बोल्ट काढून जादाचं तेल थेंब-थेंब होईपर्यंत जाऊ द्या. ६० अंशांवर पातळी बघणारा मेकॅनिक तेल फुगलेलं असताना जास्त काढून टाकतो, आणि नंतर येणारी घसरण त्याने स्वतः दिलेली असते. बोल्टला नवा वॉशर, ४५ न्यूटन-मीटर.

रिमॅप केलेल्या गाडीत इंजिन वाढलेला टॉर्क देतं आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधली जुनी मर्यादा तो कापते. ते अगदी अडखळण्यासारखंच वाटतं, पण लॉगमध्ये ना मिसफायर ना दाब पडलेला. तिथे गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही सोबत बदलावं लागतं.

ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकत असेल तर टायर आणि हॅल्डेक्स (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) बघा. ओल्या रस्त्यावर दाबल्यावर फक्त पुढची चाकं फिरत असतील, तर मागे ताकद जातच नाही. क्लचवर दाब आणणाऱ्या पंपाची बारीक जाळी क्लचच्याच गाळाने बुजते, पंप जळतो, आणि डॅशबोर्डवर काही दिसेलच असं नाही. तेल बदलताना जाळी बहुधा तशीच ठेवली जाते. पंप बाहेर काढून ती धुवायला स्पष्ट सांगा, आणि काढलेली जाळी डोळ्यांनी बघा.

दुरुस्तीनंतर तोच चढ, तोच गियर, त्याच पंपाचं पेट्रोल, आणि तेच पाच आकडे पुन्हा नोंदवा. जुना आणि नवा लॉग शेजारी ठेवल्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा जुळल्या नसतील, तर बिल देण्याआधी तो कागद मेकॅनिकसमोर ठेवा.